दुपारची हाक

(ग्वाल्हेर, लष्कर. मे १९३६. भर दुपार. कै. जयसिंहरावांच्या घराची दारंखिडक्या लावलेली बैठक. समोरच देवडीचं दार. जयसिंहरावांची पत्नी कुमुदिनी आणि त्यांचा जुना सेवक कान्होजी.)

कुमुदिनी: बसा म्हटलं ना, कान्होजी. उभे किती वेळ राहणार?

कान्होजी: उभाच बरा आहे, बाईसाहेब. तिकडे दाराशी उभा राहिलो तर चालेल?

कुमुदिनी: दाराशी नको, तिथं भट्टी झाली असेल. बाहेर लूच्या झळा सुटल्या आहेत. इकडे वाळ्याच्या ताटीपाशी बसा. पाणी घ्या. चैत्रापासून बोलावणं पाठवतेय तुम्हाला. दाना ओळीतून इथवर यायला दोन महिने लागतात?

कान्होजी: पाय उचलत नव्हता. साहेबांच्या अस्थी या घरात आणून ठेवल्या, त्याच दिवशी मनाशी म्हटलं, कान्होजी, अब तुझं इथलं काम संपलं.

कुमुदिनी: साहेब चार वर्षांचे होते तेव्हापासून त्यांच्या मागे होतात तुम्ही. असं न सांगता संपतं काम? आता पाटणकर बाजारात कुणा कापडवाल्याकडे राखणीला बसता म्हणे.

कान्होजी: दिवसाची राखण आहे. दुकान दिवसभर उघडं असतं. बस, तेवढंच पाहिजे.

कुमुदिनी: आणि घरी? तुमची बहीण सांगत होती, रात्रीसुद्धा दार लावू देत नाही तुम्ही. कुत्री आत येऊन झोपतात.

कान्होजी: तिला बोलायची सवय आहे.

कुमुदिनी: रागावायला नाही बोलावलं तुम्हाला. त्या दिवशी डोंगरावर काय झालं, ते ऐकायचं आहे. सगळं.

कान्होजी: ते तर तुमच्या दिरांनी, विश्वासरावांनी वाचून दाखवलं होतं की. हॉटेलच्या मॅनेजरचं पत्र.

कुमुदिनी: ते पाठ आहे मला. बर्फाचा कडा कोसळला, मृत्यू तत्काळ आला, वेदना झाल्या नाहीत. सात ओळी. मॅनेजर त्या डोंगरावर नव्हता. तुम्ही होतात.

कान्होजी: इतक्या दिवसांनी कशाला, बाईसाहेब?

कुमुदिनी: ऐकायचं तर चैत्रापासूनच होतं, पण आता आपल्या लीलामुळे थांबवत नाही. आठ दिवस झाले. दुपारी सगळं घर निजलेलं असतं, पहारेकरीसुद्धा मागच्या ओसरीवर पडलेला असतो. तेव्हा ही उठते आणि देवडीच्या दाराशी जाऊन उभी राहते. पहिल्या दिवशी मी पाहिलं, तर दाराला कान लावलेला. विचारलं, काय करतेस? म्हणाली, बाहेर कुणीतरी आहे, त्यांना थंडी वाजतेय.

कान्होजी: काय म्हणाली?

कुमुदिनी: थंडी वाजतेय. काल अंगणात राहिलेला तांब्या मला हातात धरवला नाही, इतका तापला होता. आणि सात वर्षांची पोर म्हणते, बाहेरच्या माणसाला थंडी वाजतेय. कान्होजी, तुमचं पाणी सांडतंय.

कान्होजी: पुसून घेतो.

कुमुदिनी: राहू द्या. सुधावन्सं म्हणतात, पोरीला ऊन बाधलं, तळपायांना कांदा चोळा. दोन दिवस चोळला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. कोण आहे म्हणून विचारलं, तर नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते. आता तुमच्याही तोंडावरचं रक्त उतरलं आहे. म्हणजे तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे.

कान्होजी: ठाऊक असतं तर बरं झालं असतं. मला मालूम काहीच नाही, म्हणून तर असा झालोय.

कुमुदिनी: तर मग सुरुवातीपासून सांगा. मला घाई नाही.

कान्होजी: काय सांगू? विलायतेतला तो बर्फाचा मुलूखच वेगळा. दोनशे खोल्यांचं हॉटेल, आणि समोर काचेची लांबलचक ओसरी. बायका फरचे कोट घालून उन्हात खुर्च्यांवर पडलेल्या, हातात चॉकलेटचे पेले. खाली गोठलेल्या तळ्यावर बँड वाजायचा. आणि बाकी सगळी मोठमोठी माणसं, लॉर्ड म्हणू नका, बँकवाले म्हणू नका, पायांना लाकडाच्या लांब फळ्या बांधून डोंगर चढायची. का? तर घसरत खाली यायला! मी पहिल्या दिवशी साहेबांना म्हटलं, हे तर आपल्याकडे पोरं किल्ल्याच्या उतारावर फुकट करतात, आणि आईचा मार खातात.

कुमुदिनी: हसले असतील.

कान्होजी: खूप हसले. पण पहिला आठवडा पडण्यातच गेला. संध्याकाळी मी पाठीला तेल चोळायचो, तर अंग निळंकाळं. तिसऱ्या आठवड्यात मात्र... बाईसाहेब, मी साहेबांना घोड्यावर पाहिलंय, शिकारीत पाहिलंय. तसे कधीच पाहिले नव्हते. पार वर माथ्यावर एक काळा ठिपका दिसायचा. मग तो ठिपका वळणं घेत घेत निघायचा, जरासुद्धा आवाज नाही, मागे नुसता बर्फाचा धुरळा. खाली येऊन थांबले की चेहरा असा, जणू आत्ता कुठे जन्मलेत.

कुमुदिनी: मला लिहायचे ते. "कुमुद, इथं माणसाला वजनच नसतं." वाचून मला संताप यायचा. इथं सासूबाईंचं आजारपण, वर्षश्राद्धं, पाहुणे, सगळं वजन माझ्याकडे ठेवून हे तिथं हलके होत होते. नाताळात परत येणार होते, मग संक्रांतीला, मग तेही पुढं ढकललं. कान्होजी, संक्रांतीनंतर मी एक पत्र पाठवलं होतं. विमानाच्या टपालानं. ते पोचलं?

कान्होजी: पोचलं.

कुमुदिनी: कधी?

कान्होजी: त्याच दिवशी. सकाळी चहाबरोबर मीच नेलं.

कुमुदिनी: वाचलं त्यांनी?

कान्होजी: खिडकीशी उभं राहून. दोन वेळा.

कुमुदिनी: त्यात काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? "तिकडचं इतकं आवडलं असेल तर तिकडेच राहा. इथं कुणी तुमची वाट पाहत बसलेलं नाही." वाचून काय म्हणाले?

कान्होजी: म्हणाले, "कान्हू, कुमुद रागावली की अक्षर फार सुंदर काढते बघ." मग पत्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. म्हणाले, "सामान बांध. उद्या निघायचं. आज शेवटचं एकदा वर जाऊन येतो."

कुमुदिनी: शेवटचं.

कान्होजी: तसं नव्हतं म्हणायचं त्यांना.

कुमुदिनी: कळलं मला. पुढं सांगा.

कान्होजी: त्यांचा वाटाड्या होता, जोहान नावाचा. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, त्याच डोंगरात वाढलेला, माझ्यासारखंच मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. तो नको म्हणत होता. दोन दिवस बर्फ पडलेला आणि त्यावर एकदम कडक ऊन. म्हणाला, आज डोंगर जड आहे. साहेब म्हणाले, मग आपण हळूच जाऊ. गेले दोघं. मी नेहमीसारखा जेवणाचा डबा घेऊन त्या दात्यांच्या रुळावरून डोंगर चढणाऱ्या रेल्वेनं वर गेलो. तिथून थोडं चाललं की लाकडाची एक झोपडी लागायची, येणाऱ्याजाणाऱ्यांना टेकायला. एक खोली, एक शेगडी आणि जाड दार. रोज तिथं मी वाट बघत बसायचो, ते वरून यायचे, मी त्यांचे बूट सोडायचो आणि ते जेवायचे.

कुमुदिनी: त्या दिवशी?

कान्होजी: जोहान एकटा आला. अडीच वाजले असतील. हातमोजे फाटलेले, बोटं रक्ताळलेली. म्हणाला, रेशमी कापड टर्रकन फाटावं तसा आवाज झाला आणि साहेब उभे होते तो उतारच निघून गेला. पलीकडच्या दरीत. दोन तास त्यानं काठी खुपसून, हातांनी उकरून शोधलं. काही हाती लागलं नाही. आणि मग धुकं आलं.

कुमुदिनी: मग तुम्ही खाली माणसं आणायला का गेला नाहीत?

कान्होजी: कसं जाणार? दाराबाहेर पाऊल टाकलं तर आपलं पाऊल दिसेना. बाईसाहेब, काळोखात माणसाला निदान कळतं की हा काळोख आहे. तिथं भर दुपारी सगळं पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं, आपलाच हात पुढे केला तरी दिसेना. जोहाननं आत ओढलं मला आणि आतून कडी घातली. आम्ही दोघं शेगडीपाशी बसलो. तो त्याच्या देवाचं नाव घेत होता, मी आपल्या.

कुमुदिनी: थांबू नका.

कान्होजी: अर्धा तास झाला असेल. दारावर ठकठक झालं. तीनदा, काठीचं टोक आपटावं तसं. आणि मग आवाज. "कान्हू, दार उघड रे. थंडी वाजतेय."

कुमुदिनी: त्यांचा आवाज?

कान्होजी: चार वर्षांचे होते तेव्हापासून ऐकतोय तो आवाज. चुकेन कसा? आणि त्या मुलखात मराठी बोलणारं दुसरं होतं कोण? मी उठलो. कडीला हात लावला. तर जोहाननं मागून माझं मनगट धरलं. म्हणाला, "तुला कोण हाक मारतंय?" म्हटलं, कोण म्हणजे? माझे साहेब. जिवंत आहेत, सोड मला. तर तो दाराकडे बघत होता. म्हणाला, "मला माझा भाऊ हाक मारतोय. माझ्या बोलीत. तो सहा वर्षांपूर्वी याच डोंगरावर गेला."

कुमुदिनी: एकाच वेळी?

कान्होजी: एकाच वेळी, एकाच दाराबाहेरून. मला मराठीत, त्याला त्याच्या भाषेत. तो म्हणाला, बाहेर कुणी माणूस नाही. हा डोंगर आहे. ज्याला जो आवाज हवा, तो काढतो. म्हणाला, आमच्या गावात एका बाईनं उघडलं होतं. बाहेर कुणीच नव्हतं, पण त्या दिवसापासून ती ऐन उन्हाळ्यातसुद्धा चुलीपासून हलली नाही. ऊब म्हणून तिला कधी मिळालीच नाही.

कुमुदिनी: आणि तुम्ही उघडलं नाही.

कान्होजी: नाही उघडलं.

कुमुदिनी: किती वेळ हाक येत होती?

कान्होजी: सात वेळा. मी मोजत होतो. शेवटी शेवटी दार उघड नाही की काही नाही. नुसतं "कान्हू... कान्हू." लहानपणी ताप आला की म्हणायचे ना, तसं. मग थांबलं.

कुमुदिनी: हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाही.

कान्होजी: अजून व्हायचं आहे, बाईसाहेब. दिवस मावळायच्या जरा आधी धुकं एकदम उठलं, पडदा ओढावा तसं. लख्ख ऊन. आम्ही दार उघडलं. वीस पावलांवर लाकडांची रास होती, तिला पाठ टेकून साहेब बसले होते. फळ्या पायांतून सोडलेल्या, शेजारी बर्फात सरळ उभ्या रोवलेल्या. डोळे दाराकडे.

कुमुदिनी: दाराकडे!

कान्होजी: पाणी आणू?

कुमुदिनी: नको. मग ते चालत आले होते. जिवंत होते.

कान्होजी: मीही तेच म्हणून ऊर बडवला. पण खालून डॉक्टर आला. त्यानं पाहिलं. मान मोडलेली होती. म्हणाला, हा माणूस कड्याबरोबर पडला त्याच क्षणी गेला. त्यानंतर त्यानं बोटसुद्धा हलवलेलं नाही, हलवणं शक्यच नाही. जोहान शपथेवर सांगत होता, साहेब पलीकडच्या दरीत गेले, मधे अख्खा डोंगर आहे. डॉक्टर म्हणाला, बर्फानंच आणून टाकलं असेल. कागदावर तेच लिहिलं. फळ्या कुणी रोवल्या, ते कुणी लिहिलं नाही.

कुमुदिनी: तुम्हाला काय वाटतं?

कान्होजी: रोज उठून तेच विचारतो स्वतःला. बाहेर साहेब होते की नव्हते? होते, तर मी त्यांना दाराबाहेर मरू दिलं. नव्हते, तर त्यांना तिथं आणून बसवलं कुणी? आणि एक सांगू? हे मी बहिणीलासुद्धा बोललो नाही. जोहाननं माझं मनगट धरलं होतं खरं. पण तो दमलेला, बोटं फुटलेली. मी झटका दिला असता तर हात सुटला असता. मी दिला नाही. मी घाबरलो होतो.

कुमुदिनी: घाबरेल कुणीही.

कान्होजी: मी कुणीही नव्हतो, बाईसाहेब. त्यांनी नाव घेऊन हाक मारली होती.

लीला: आईसाहेब...

कुमुदिनी: लीला! उठलीस कशाला? अनवाणी आलीस. इकडे ये. हे बघ कोण आलंय, तुझे कान्होजीबाबा.

लीला: हळू बोला. वो आ गए.

कान्होजी: बाईसाहेब, ऐकलंत?

कुमुदिनी: ऐकलं.

कान्होजी: तसंच. तीनदा. काठीच्या टोकानं.

लीला: आता बोलतील. थांबा.

कान्होजी: पोरीचे कान झाका. झाका कान! हे इथवर आलं. माझ्या मागे मागे आलं. मी या घरात पाऊल टाकायलाच नको होतं...

कुमुदिनी: तुम्ही आज आलात. लीला आठ दिवस ऐकतेय. गप्प बसा आणि ऐका.

लीला: बोलले.

कुमुदिनी: हो. कान्होजी, माझ्याकडे बघा. दाराकडे नको, माझ्याकडे. आत्ता तुम्हाला कोण ऐकू आलं?

कान्होजी: साहेब.

कुमुदिनी: शब्द सांगा. जसेच्या तसे.

कान्होजी: "कुमुद, दार उघड ग. थंडी वाजतेय." आज माझं नाव नाही घेतलं.

कुमुदिनी: लीला, तुला कोण ऐकू आलं? खरं सांग.

लीला: बाबासाहेब.

कुमुदिनी: काय म्हणाले?

लीला: रोज म्हणतात तेच. कुमुद, दार उघड ग.

कुमुदिनी: मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?

लीला: तुम्ही रडाल म्हणून.

कुमुदिनी: मलाही तेच ऐकू आलं, कान्होजी. तिघांना एकच आवाज, एकच शब्द. तुम्हाला साहेब आणि जोहानला त्याचा भाऊ, तसं नाही झालं. हे तुमच्या त्या डोंगराचं काम नव्हे.

कान्होजी: तुमचा विचार बरोबर असेल. नसला तर? ती बाई जन्मभर चुलीशी बसली होती, सांगितलं ना मी. तुमच्या पदरात पोर आहे. मी पाया पडतो, उघडू नका.

कुमुदिनी: चार महिने दारं सताड उघडी टाकून झोपताय, आणि आज मला उघडू नका म्हणता?

कान्होजी: माझं मी बघून घेईन. तुम्हाला काही झालं तर...

कुमुदिनी: मी त्यांना लिहिलं होतं, तिकडेच राहा. खिशात तेच पत्र घेऊन बसले होते ते त्या बर्फात. आणि तरी आले. समुद्र ओलांडून, या उन्हात, आठ दिवस रोज दाराशी येऊन उभे आहेत. अजून किती वेळा हाक मारायला लावू? लीला, तू कान्होजीबाबांजवळ उभी राहा. मी कडी काढते.

कान्होजी: थांबा, बाईसाहेब.

कुमुदिनी: आता अडवू नका मला.

कान्होजी: अडवत नाही. तुम्ही पोरीला धरा. कडी मी काढतो. मीच काढायला हवी.

लीला: कान्होजीबाबा, वरची आधी. खालची घट्ट बसते.

कान्होजी: हो, बेटा. निघाली.

कुमुदिनी: उघडा. पूर्ण.

कान्होजी: ...कुणी नाही, बाईसाहेब. नुसतं ऊन. पार बाड्याच्या चौकाच्या वळणापर्यंत रस्ता ओस पडलाय. एक कुत्रंसुद्धा नाही.

लीला: लू आत येत नाहीये. उंबऱ्याशी गार लागतंय.

कुमुदिनी: मला थोडं पुढं होऊ द्या. या. आत या. ते मी रागात लिहिलं होतं. रोज वाट पाहत होते मी, संक्रांतीलासुद्धा तुमचं पान वाढून ठेवलं होतं.

लीला: आईसाहेब, तुम्ही रडताय.

कुमुदिनी: रडू दे ग. कान्होजी, तुम्हीही पुसा डोळे. पोर घाबरेल.

कान्होजी: पोर घाबरलेली नाही. माझा हात तिनंच धरलाय. बाईसाहेब, लावू आता दार?

कुमुदिनी: नको. राहू द्या थोडा वेळ. इतक्या लांबून आलेलं माणूस उंबऱ्याशी जरा थांबतंच.